सूर्याचा महसूल

१९ मे २०१६ रोजी फलोदी येथे पारा ५१ अंश सेल्सिअसवर पोचला, आणि तोवर भारतात नोंदल्या गेलेल्या तापमानाच्या सर्व उच्चांकांना मागे सारून मारवाडातील हे मिठागरांचे आणि कोरीव हवेल्यांचे गाव एका दिवसात देशभर सर्वतोमुखी झाले. या फलोदीच्या उत्तरेस, बाप हे तहसिलीचे ठिकाण मागे टाकून पुढे गेले असता भडला नावाची वस्ती लागते. पशुपालकांच्या विखुरलेल्या घरांच्या काही ढाण्या, वाळूच्या टेकड्या, खुरटी झुडपे आणि पाण्याची कायमची चणचण एवढाच जिचा लौकिक होता, त्या वस्तीच्या परिसरात आज सुमारे १४,००० एकर भूमीवर काळ्यानिळ्या काचेच्या फलकांच्या रांगा पसरल्या असून त्यांची एकत्रित क्षमता २,२४५ मेगावॅट आहे. आपल्या कोयनेच्या सर्व टप्प्यांची मिळून स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट. ही तुलना आकड्यापुरतीच खरी, कारण कोयनेची जनित्रे हाक द्याल तेव्हा, मध्यरात्रीही, फिरू लागतात आणि भडल्याचे फलक सूर्य मावळताच निश्चेष्ट होतात. तथापि ज्या महाराष्ट्राने कोयनेला आपली भाग्यलक्ष्मी मानले, त्याला भडल्याच्या विस्ताराचा अंदाज यावा म्हणून ती केली.

जोधपूरहून निघालेला रस्ता ओसियांच्या प्राचीन मंदिरांजवळून आणि लोहावटवरून फलोदीस येतो, आणि जसजसे उत्तरेस व पश्चिमेस सरकावे तसतशी शेते विरळ होत जाऊन खेजडी, केर, फोग आणि रुई यांचेच राज्य सुरू होते. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी म्हणजेच ही खेजडी. तिची मुळे वाळूच्या थरांतून खोलवर जातात, तिचा पाला, ज्याला येथे लूंग म्हणतात, उंट आणि शेळ्या खातात, तिच्या कोवळ्या शेंगांची सांगरी माणसे वाळवून वर्षभर ठेवतात, आणि तिच्या सावलीत बाजरी अधिक जोमाने येते असा शेतकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. प्रत्येक ढाणीपाशी पावसाचे पाणी साठविण्याचे झाकलेले टाके दिसते, आणि टाक्याभोवतीची उतरती जमीन इतकी निगुतीने झाडलेली असते की तिच्यावर चपला घालून जाण्याचा धीर होत नाही. बापच्या आसमंतात भूगर्भशास्त्रज्ञांना आणखी एक नवल आढळले आहे : सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हिमनद्यांनी वाहून आणलेल्या गोट्यांचा थर येथे उघडा पडलेला आहे. ज्या भूमीने एकेकाळी हिमनद्या पाहिल्या, तीच आज देशातील अत्यंत तप्त भूमींपैकी एक व्हावी, यातील कालाचा विस्तार मनात घेऊन मगच भडल्याचे पंचवीस वर्षांचे वीजखरेदीचे करारनामे वाचावेत.

मी तेथे गेलो तो फाल्गुनात. ऊन कडक परंतु वारा अद्याप सोसवणारा असा तो काळ, आणि वीजकेंद्राच्या दृष्टीनेही तो सुगीचा काळ होता. पुष्कळांची, किंबहुना सुशिक्षितांचीही, अशी समजूत असते की जितके ऊन तापेल तितकी सौरवीज अधिक. वस्तुतः या फलकांचे अन्न प्रकाश हे आहे, उष्णता नव्हे. प्रकाश पडल्याने विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो ही गोष्ट फ्रान्समधील एडमंड बेकरेल या तरुण शास्त्रज्ञाने १८३९ साली पाहिली. परंतु तिचा व्यवहारात उपयोग होईल असा सिलिकॉनचा घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार होण्यास १९५४ साल उजाडावे लागले, आणि त्या घटाची कार्यक्षमताही अवघी सहा टक्क्यांच्या आसपास होती. आज ती वीस टक्क्यांच्या पुढे गेली आहे. मात्र कारखान्यातून निघताना फलकावर क्षमतेचा जो आकडा छापला जातो तो घटाचे तापमान २५ अंश असताना मोजलेला असतो, आणि त्यापुढे दर अंशामागे उत्पादन अदमासे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटत जाते. वैशाख-ज्येष्ठात भडल्याच्या उन्हात काच ६५ अंशांपर्यंत तापली, तर छापील क्षमतेतून साताठांश वीज केवळ उष्णतेपायी वजा होते. म्हणून जो महिना फलोदीला वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर नेतो तोच महिना या केंद्राच्या अभियंत्यांना सर्वांत आवडता असतो असे नाही. स्वच्छ आकाश, उंच चढलेला सूर्य आणि थंड वारा यांचा योग जेव्हा जुळतो, तेव्हाच फलक आपले पुरे दान देतात.

उष्णतेहूनही चिवट वैरी धूळ हा आहे. उन्हाळ्यात पश्चिमेकडून आंधी उठते, दुपारीच दिवेलागण झाल्यासारखे होते, आणि ती सरून गेल्यावर मैलोगणती काचेवर पिवळसर पूड पसरलेली असते. थंडीत याहून निराळी अडचण. पहाटेचे दव या पुडीत मुरते, आणि सूर्य वर आला की तिचे काचेला घट्ट चिकटलेले कवच बनते, जे नुसत्या वाऱ्याने उडत नाही. आरंभीच्या केंद्रांत टँकरने पाणी आणून फलक धूत असत. परंतु ज्या गावात पिण्याचे पाणी इंदिरा गांधी कालव्याच्या कृपेने येते आणि कालव्याची फेरी चुकली की टँकरवाल्याच्या मर्जीने येते, तेथे काच धुण्यासाठी पाणी ओतणे फार काळ निभणारे नव्हते. म्हणून आता पुष्कळ ठिकाणी निर्जल सफाईची यंत्रे बसविली आहेत. सूर्य मावळतीला गेला, रांगांच्या सावल्या लांबल्या, आणि एका रांगेच्या टोकाशी दिवसभर स्वस्थ उभी असलेली एक लांबट चौकट आपल्या रुळावरून हळूहळू सरकू लागली. तिला बसविलेले मऊ तंतूंचे कुंचले फिरत होते, आणि त्यांच्या खालून धुळीचा बारीक पडदा वरच्या कडेपासून खालच्या कडेकडे उतरत, काचेच्या उतारावरून जमिनीवर सांडत होता. यंत्र पुढे गेले की मागे उरलेल्या काचेत संध्याकाळचे आकाश स्पष्ट दिसे आणि पुढच्या काचेत मात्र ते मातकटच असे. यंत्राची बॅटरी दिवसा एका छोट्या फलकावर भरलेली होती. पाण्याचा एक थेंबही न वापरता एवढे काम होताना पाहून मला मनापासून आनंद झाला. मारवाडात पाणी वाचविणे हे पुण्यकर्म गणले जाते, आणि हे यंत्र त्या प्रदेशाच्या रीतीला धरूनच बनविलेले आहे असे वाटले.

फलकांतून निघणारा प्रवाह एकदिश असतो. तो रूपांतरकांत प्रत्यावर्ती होतो, पुढे केंद्रातील रोहित्रांत त्याचा दाब चढविला जातो, आणि अखेरीस ४०० व ७६५ किलोव्होल्टच्या उंच मनोऱ्यांवरून तो दूरच्या नगरांकडे रवाना होतो. हे वर्णन एका वाक्यात आटोपले तरी आजची खरी अडचण तेथेच आहे. फलक उभे करण्यास वर्ष-दीड वर्ष पुरते, पण शेकडो कोसांची वाहिनी, तिच्या प्रत्येक मनोऱ्याची जागा, प्रत्येक परवानगी आणि प्रत्येक दावा पार पाडण्यास त्याच्या कित्येक पट काळ लागतो; परिणामी राजस्थानात भर दुपारी वीज तयार असून ती वाहून नेण्यास वाट नाही, म्हणून केंद्रांना उत्पादन आवरते घेण्याचे हुकूम सुटतात. दिवसा सांडणारी ही वीज संध्याकाळपर्यंत राखून ठेवणाऱ्या बॅटऱ्यांची उभारणी आता कोठे सुरू झाली आहे.

भडल्याचे नाव देशाच्या अर्थकारणात गाजले ते मात्र मे २०१७ मध्ये. राष्ट्रीय सौर अभियान जानेवारी २०१० मध्ये सुरू झाले तेव्हा २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅटचे उद्दिष्ट होते, आणि त्या आरंभीच्या लिलावांत युनिटला दहा रुपयांहून अधिक दर देण्याची तयारी सरकारला ठेवावी लागली होती. २०१५ साली ते उद्दिष्ट पाचपट वाढवून एक लक्ष मेगावॅट करण्यात आले. भडल्याच्या चौथ्या टप्प्यासाठी २ रुपये ६२ पैशांची बोली आली, आणि काही दिवसांतच तिसऱ्या टप्प्यासाठी २ रुपये ४४ पैशांची. कोळशाची नवी वीज याहून महाग पडत होती. फलकांच्या किमती जगभर कोसळल्या होत्या हे एक कारण. परंतु भडल्याचे विशेष कारण असे की येथे सौर उद्यानाची योजना होती, म्हणजे जमीन, रस्ते, उपकेंद्र आणि वाहिनी या साऱ्या गोष्टी सरकारच्या पुढाकाराने तयार करून उद्योजकाच्या हाती देण्यात आल्या होत्या, आणि वीज विकत घेणाऱ्या केंद्रीय महामंडळाच्या पतीमुळे पैसे बुडण्याची धास्ती नव्हती. दर एवढा खाली आला तो या तयार जमिनीच्या जोरावर. म्हणून त्या जमिनीकडेच आता वळले पाहिजे, कारण या लेखात मला जे मुख्यतः सांगावयाचे आहे ते तिच्याविषयी आहे.

राजस्थानच्या जमाबंदीत जी जमीन कोणाच्याही खात्यावर चढलेली नाही, तिला सिवायचक म्हणतात, ती सरकारची. भडल्याच्या परिसरातील बव्हंशी जमीन या सदरात मोडत होती, आणि म्हणून ती उद्यानासाठी मोकळी करून देताना भूसंपादनाचा खटाटोप, मोबदल्याची भांडणे, न्यायालयातील खेपा यांपैकी फारसे काही करावे लागले नाही. महसुली दृष्टीने ती ओसाड होती. प्रत्यक्षात मात्र तिच्यावर सेवण गवत उगवत होते, जे एकदा रुजले की वर्षानुवर्षे टिकते आणि अवर्षणातही गाईंना जगविते. तिच्या खोलगट भागांत पावसाळ्यानंतर काही महिने टोबा, म्हणजे पावसाच्या पाण्याचे तळे, भरलेला राही. तिच्यावरून उंट, मेंढ्या आणि थारपारकर गाई यांचे कळप ठरलेल्या वाटांनी पाण्याकडे व परत ढाण्यांकडे जात. अत्यल्प पावसाच्या या प्रदेशात शेतीपेक्षा पशुपालन हाच शहाणपणाचा धंदा आहे, आणि त्या धंद्याला एका ठिकाणी थोडी जमीन नव्हे, तर सर्वत्र विरळ अशी पुष्कळ जमीन लागते. जेथे यंदा पाऊस पडला तेथे यंदा जावयाचे, ही त्याची वहिवाट. आणि तिची नोंद कोणत्याही पटवाऱ्याच्या वहीत कधी झाली नाही.

कुंपणाच्या बाहेरून जाणाऱ्या धुळकट रस्त्यावर एक वृद्ध सिंधी मुसलमान पशुपालक शेळ्या घेऊन चालला होता. माझा फलोदीचा वाहनचालक त्याच्या ओळखीचा निघाला. त्याने गाडी थांबवून, “चाचा, हे महाराष्ट्रातून आले आहेत, सोलरबद्दल लिहिणार आहेत,” असे सांगितले. म्हाताऱ्याने काठी कुंपणाच्या जाळीला टेकविली आणि आत, फलकांच्या दोन रांगांच्या मध्ये उगवलेल्या हिरव्या झुंबाडाकडे बोट केले. ते सेवण होते. जाळीच्या आत कळप जाऊ शकत नव्हते, त्यामुळे ते चांगले गुडघाभर वाढलेले होते, आणि काही दिवसांनी कंत्राटदाराची माणसे येऊन, फलकावर सावली पडू नये म्हणून, ते कापून टाकणार होती. “पूर्वी टोब्यावर सरळ जायचो,” तो म्हणाला, “आता कुंपण वळेल तसं वळायचं. शेळ्या चालतात. गाई थकतात, म्हणून विकल्या.” तुम्ही जमिनीचा पट्टा का करून घेतला नव्हता, असे मी विचारले. “पट्टा कशाला मागायचा? गुरं चरत होती, कोणी हटकत नव्हतं. हटकायला लागले तेव्हा कळलं की पट्टा लागतो.” त्याचा धाकटा मुलगा याच केंद्रात कंत्राटी पहारेकरी आहे, आणि दर महिन्याला नियमाने पगार आणतो, ही गोष्टही त्याने तितक्याच सरळपणे सांगितली. बांधकाम चालू असताना हजारो हात लागतात. एकदा फलक उभे राहिले की पहारा, सफाई आणि गवतकापणी यांपुरतीच माणसे उरतात, आणि अभियंते बाहेरून येतात.

ज्यांच्या नावे सातबारा असतो त्यांची गोष्ट याहून निराळी होऊ शकते, याचा दाखला दूर नाही. कर्नाटकातील पावगडा येथे २,०५० मेगावॅटचे उद्यान सुमारे १३,००० एकरांवर उभे राहिले. तेथील दुष्काळाने गांजलेल्या पाच गावांतील शेतकऱ्यांची जमीन सरकारने विकत न घेता भाडेपट्ट्याने घेतली, आणि एकरी २१,००० रुपयांपासून आरंभ होऊन वाढत जाणारे वार्षिक भाडे ठरविले. आपल्या राज्यातील मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतही शेतकऱ्याने जमीन दिल्यास हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि त्यात दरसाल तीन टक्के वाढ अशी तजवीज आहे. पावगड्यातही भूमिहीन शेतमजुरांच्या आणि मेंढपाळांच्या पदरी भाड्यातले काही पडले नाही, हे खरे. परंतु निदान मालकाला त्याचा हिस्सा मिळाला. भडल्यात मालक सरकार होते, भाडेही सरकारला मिळते, आणि ज्यांच्या पिढ्या त्या जमिनीवर जगल्या त्यांचा कोणत्याही रकान्यात उल्लेख नाही. वाळवंटातील ऊन ही एक नवी मिळकत आहे हे आता सर्वांना पटले. मग त्या उन्हाचा जो महसूल गोळा होतो त्यातील वाटेकरी ठरविताना केवळ जमाबंदीचा उतारा पाहणे मला न्यायाचे वाटत नाही.

जमिनीची आणखी एक जात राजस्थानात आहे, आणि तिचा प्रश्न याहूनही नाजूक आहे. देवतेच्या किंवा लोकवीराच्या नावे राखलेले रान, ज्यातील फांदी तोडावयाची नाही, वाळलेले लाकूडही घरी न्यावयाचे नाही, पण गुरे मात्र चारावयाची, त्याला ओरण म्हणतात. आपल्या सह्याद्रीतील देवराया आणि ही ओरणे एकाच श्रद्धेतून जन्मली, फरक एवढाच की देवराई घनदाट असते आणि ओरण मैलोगणती उघडे माळरान असते. जैसलमेर जिल्ह्यातील देगराय मातेचे ओरण हजारो बिघ्यांचे आहे. यांपैकी पुष्कळ ओरणांची नोंद जुन्या सनदांत आणि लोकांच्या स्मरणात आहे, पण आजच्या महसुली कागदांत ती अंशतःच उतरली, आणि जे कागदावर उतरले नाही ते पुन्हा सिवायचकच ठरले. त्यांतून विजेच्या वाहिन्या गेल्या, काही ठिकाणी केंद्रांसाठी जागा मुक्रर झाल्या, आणि गावकऱ्यांनी ओरण वाचविण्यासाठी पदयात्रा काढल्या. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्या पीठाचे अध्यक्ष आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते, राजस्थान सरकारला अशा सर्व पवित्र रानांची जागेवर जाऊन व उपग्रहाच्या साह्याने मोजणी करण्याचा आणि त्यांना वनाचा दर्जा देण्याचा आदेश दिला. या आदेशाचे स्वागत झाले, परंतु वनखात्याच्या ताब्यात गेलेल्या रानात आपल्या गुरांना शिरू देतील काय, अशी शंकाही गावकऱ्यांनी बोलून दाखविली. आणि ती निराधार म्हणता येणार नाही, कारण ओरण टिकले ते चराई व श्रद्धा या दोहोंच्या मेळाने टिकले आहे.

खेजडीचेही तसेच. फलकातील घट एकापुढे एक जोडलेले असतात. बागेला पाणी देणाऱ्या नळीवर एके ठिकाणी पाय पडला की पुढचे सारे पाणी मंदावते, तशी एका घटावर पडलेली सावली त्याच्या साखळीतील इतरांचाही प्रवाह अडविते. या तांत्रिक कारणासाठी केंद्राच्या आवारात, आणि त्याच्या कडेलाही, झाड नको असते, आणि बिकानेर व फलोदी भागांत गेल्या काही वर्षांत खेजडीच्या तोडीवरून जी आंदोलने झाली त्यांचे मूळ येथे आहे. ही तोड बिष्णोई समाजाला कशी लागते हे समजण्यासाठी १७३० साल आठवावे लागते. त्या वर्षी जोधपूरचे महाराज अभयसिंह यांच्या बांधकामाच्या चुनाभट्टीसाठी खेजडली गावची झाडे तोडावयास माणसे आली, तेव्हा अमृतादेवी यांनी झाडाला मिठी मारली, आणि त्यांच्यामागून एकूण ३६३ स्त्री-पुरुषांनी आपले प्राण दिले. ज्या समाजाच्या स्मरणात हे बलिदान आजही जागे आहे, त्याला झाडामागे दंडाची रक्कम आणि दुसरीकडे लावलेली रोपे यांचा हिशेब दाखवून भागत नाही. दहा वर्षे मुळे खोल घालून मग वर येणाऱ्या झाडाची भरपाई एका पावसाळ्यात होत नसते.

आकाशाचीही हद्द या केंद्रांनी बदलली आहे. राजस्थानचा राज्यपक्षी गोडावण, आपला माळढोक, पंधरा किलोपर्यंत भरणारा जड पक्षी; त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने समोरची तार त्याला उशिरा दिसते, आणि दिसली तरी एवढा भार घेऊन ऐनवेळी वळणे त्याला साधत नाही. मादी बहुधा एकच अंडे घालते. सबंध देशात जे सुमारे दीडशे माळढोक उरले ते मुख्यतः जैसलमेर भागात. आपण मराठी माणसांनी या प्रश्नाकडे परक्याचा प्रश्न म्हणून पाहू नये. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली माळढोकासाठीच अभयारण्य झाले, आणि आज तेथे एखादा पक्षी दिसला तर ती बातमी होते. एप्रिल २०२१ मध्ये सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने या पक्ष्याच्या अधिवासातील वाहिन्या जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सुमारे ९९,००० चौरस किलोमीटरवरील तो सरसकट निर्बंध मागे घेऊन तज्ज्ञांची समिती नेमली, आणि त्याच निवाड्यात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्कही मान्य केला. दोन्ही निवाडे मी वाचले. पहिल्यात पक्ष्याची बाजू आहे, दुसऱ्यात उद्याच्या माणसांची. आणि माझ्या मते दुसऱ्याने समितीवर सोपविलेले काम हेच खरे कठीण काम होते, कारण कोणती वाहिनी पुरावयाची, कोणती वळवावयाची आणि कोणत्या रानात ती नेऊच नये, हे प्रत्यक्ष नकाशावर बोट ठेवून सांगावे लागते. फलोदीच्या शेजारी खीचन गावात दरवर्षी हिवाळ्यात मध्य आशियाकडून हजारो कुरजा क्रौंच येतात, गावकरी त्यांना पहाटे धान्य घालतात, आणि जून २०२५ मध्ये या स्थळाला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. त्या पाहुण्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरही आता तारा आहेत.

एवढे लिहिले म्हणून भडल्यासारखी केंद्रे नकोत असा माझा आशय आहे, असे कोणी समजू नये. थरमध्ये एका मेगावॅटमागे वर्षाकाठी सतरा-अठरा लाख युनिट वीज मिळते, आणि ती निघताना कोळसा जळत नाही. चंद्रपूरच्या राखेखाली राहणाऱ्यांना त्याचे मोल मी सांगावयास नको. प्रश्न हे केंद्र कसे आणि कोठे उभारावे एवढाच आहे, आणि त्याची उत्तरेही याच वाळवंटात तयार होत आहेत. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने, जी काझरी या नावाने ओळखली जाते, १०५ किलोवॅटच्या एका प्रयोगात फलक उंच व विरळ मांडून त्यांच्या मध्ये आणि खाली मूग, मटकी, गवार अशी पिके घेतली, फलकांवरून ओघळणारे पावसाचे पाणी टाक्यात साठविले, आणि तेच पाणी काच धुण्यास व पिकास वापरले. पिकाऐवजी सेवण वाढू द्यावे आणि कापण्याच्या मजुरीऐवजी गावच्या शेळ्या-मेंढ्यांना ठराविक काळ आत सोडावे, ही त्याच विचाराची पुढची पायरी आहे. मेंढ्यांना अशी मुभा देणारी केंद्रे इतर देशांत चालू आहेत. यात थोडी वीज कमी होईल, दर काही पैशांनी चढेल. तो चढलेला दर देणे हे मला रास्त वाटते.

आपल्याकडेही सौर कृषी वाहिनीसाठी खाजगी जमिनींबरोबर सरकारी जमिनी आणि गायराने दिली जात आहेत, आणि ग्रामपंचायतींना त्यापोटी अनुदानही मिळते. वाचकांपैकी ज्यांचे गाव अद्याप सुटलेले नाही त्यांना माझी एवढीच विनंती आहे, की असा प्रस्ताव ग्रामसभेपुढे येईल त्या दिवशी त्यांनी जातीने हजर राहावे, गायरानाचा उतारा आणि नकाशा मागून घ्यावा, त्यावर कोणाची गुरे चरतात, कोणत्या वाटेने पाण्यावर जातात आणि कोणती झाडे उभी आहेत हे त्या त्या माणसांच्या तोंडून वदवून इतिवृत्तात लिहून घ्यावे, आणि मगच हात वर करावा.